दोन मात्रा चाकावर, दोन हवेत

मेहंदी काढून बसलेल्या मुलीला तीन-चार तास काही धरता येत नाही. घास कुणीतरी भरवतं, केस कुणीतरी बांधतं, नाकावर माशी बसली तर ओरडावं लागतं. पण ती उठून या खोलीतून त्या खोलीत जाऊ शकते. व्हीलचेअरवरच्या मुलीचे दोन्ही हात रंगले की पायही रंगले. म्हणून जाणत्या मुली एका वेळी एकच हात काढून घेतात, नाही तर तळवा कोरा ठेवून मनगटापासून कोपरापर्यंत नक्षी चढवतात. तळव्यावरची तशीही टिकत नाही. चाकाला बाहेरून लावलेली ढकलायची कडी अंगठ्याखालचा रंग दोन दिवसांत खाऊन टाकते.

हळदीला तर आणखी मजा. हळद तेलात कालवलेली. नवरीच्या गालाला लावलेला हात कडीवर गेला की पकड गेलीच, आणि अंगण उताराचं असेल तर खुर्ची थेट तुळशीवृंदावनाकडे. मांडीखाली एक कोरडं फडकं खोचलेलं असावं. ते नसेल तर मूठभर कोरडं पीठ हाताला चोळावं, तेल त्यात मुरतं. काचेच्या बांगड्या कडीवर आपटून फुटतात, तेव्हा एक माप घट्ट घेऊन त्या मनगटाच्या वर चढवाव्यात. पदर खांद्याला पिन केल्यावर उरलेलं टोक मांडीवर घ्यायचं, चाकाच्या बाजूला लोंबू द्यायचं नाही. आऱ्यांत गेलेला पदर ओढून निघत नाही. चाक उलट्या दिशेनं फिरवलं तरच निघतो.

नाचायचं गणितही हातांचंच. संदलचा, म्हणजे वरातीतल्या ढोलांचा, ठेका सुरू झाला की सगळ्यांचे हात वर. खुर्चीवरच्याचे हात वर गेले की खुर्ची थांबते, आणि हात कडीवर आले की नाच थांबल्यासारखा दिसतो. यातून वाट निघते ती मात्रा वाटून घेण्यात. चारच्या ठेक्यात एक-दोनला ढकला, तीन-चारला हात हवेत. तेवढा वेळ खुर्ची आपल्या वेगानं घरंगळत राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, हा थांबलाच नाही. ढकलताना कडी घड्याळातल्या अकरापासून दोनपर्यंत न्यायची आणि सोडून द्यायची. सोडायला उशीर झाला की तोच हात ब्रेक होतो. गिरकीला एक हात पुढे, दुसरा तितक्याच जोरानं मागे. जोर सारखा असला तर खुर्ची जागच्या जागी फिरते. उजवा हात जड असला, बहुतेकांचा असतोच, तर गिरकी सरकत सरकत आचाऱ्याच्या चुलीकडे निघते. पाठ मागे टेकली की पुढच्या लहान चाकांवरचं वजन हलकं होतं आणि गिरकी सहज येते. फार रेललं तर खुर्ची मागे उलटते. ज्या खुर्चीला मागे दोन बारकी आधारचाकं असतात त्यांनी ती नाचताना काढू नयेत, मित्र कितीही म्हणोत. पोटऱ्यांच्या मागे एक पट्टा हवाच. नाही तर पाय फूटरेस्टवरून मागे घसरून चाकाशी जातात, आणि ज्याच्या पायांना संवेदना नाही त्याला ते रक्त दिसल्यावरच कळतं. लेझीम धरायची असेल तर मात्र सरळ ब्रेक लावून बसावं. दोन्ही हात गुंतलेले असताना प्रत्येक झटक्याला खुर्ची बोटभर मागे जाते, आणि गाणं संपेस्तोवर माणूस रांगेबाहेर पडलेला असतो.

साधनवाटपाच्या शिबिरात मिळणारी घडीची खुर्ची बहुधा १८ इंच रुंद बैठकीची असते. बारीक अंगाचा माणूस तिच्यात हलतो. तो डोलतो, खुर्ची जागची हलत नाही. दोन्ही बाजूंना गोधडीच्या घड्या घट्ट खोचल्या की कंबर वळली तशी खुर्चीही वळते. हातानं पॅडल मारायची तीनचाकी सायकल वरातीला उत्तम, पण ती जागेवर वळत नाही, म्हणून नाचाला तिचा उपयोग नाही.

खुर्चीवरचा नाच ही काही कालची गोष्ट नाही. स्वीडनमध्ये १९६८ पासून तो करमणूक आणि पुनर्वसन म्हणून सुरू झाला, आणि १९९८ पासून त्याच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या छत्राखाली आल्या. एक जण खुर्चीवर आणि एक उभा, याला कॉम्बी म्हणतात. दोघंही खुर्चीवर असले तर ड्युओ. आपल्याकडे लग्नात जे होतं ते कॉम्बीच, फक्त नाव माहीत नसतं. मामा येतो, दोन्ही हात धरतो आणि म्हणतो, नाच! दोन्ही हात धरणं म्हणजे दोन्ही पाय धरणं, हे मामाच्या ध्यानात येत नाही. एकच हात धरावा. खुर्चीवरच्यानं त्या हाताचं कोपर ताठ ठेवावं. ताठ कोपरातून ओढ खांद्यात, खांद्यातून धडात आणि धडातून खुर्चीत उतरते, आणि खुर्ची लोण्यासारखी सरकते. कोपर सैल ठेवलं तर नुसता खांदा ओढला जातो, दुसऱ्या दिवशी मालिश.

आता जमीन. काळ्या मातीचं शेत मे महिन्यात भेगाळलेलं असतं आणि पाच इंची लहान चाकाला तेवढी भेग पुरते. पावसाळ्यात तीच माती चाक आणि दांडीच्या मध्ये लाडवासारखी बसते, मग चाक फिरत नाही, नुसतं घसटतं. दोन्हीवर उपाय एकच: खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्यावी. मांडवातली हिरवी मॅट दिसायला छान, पण खाली भुसभुशीत असेल तर सुरकुत्या पडतात आणि लहान चाकं त्यात नांगर धरतात. आमचं स्पष्ट मत, सारवून वाळलेलं अंगण हे नाचाला सगळ्यात सरस. टणक, सपाट आणि धूळ कमी. ते नसेल तर मांडववाल्याकडून ८ बाय ४ फुटांचे दोन प्लायवूड मागावेत, १८ मिलिमीटर जाडीचे. शेजारी शेजारी टाकले की ८ बाय ८ ची जागा होते. खुर्चीला पूर्ण वळायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं, उरलेल्यात मामा मावतो. मधल्या सांध्यावर चिकटपट्टी मारायची, आणि डीजेची वायर त्यावरून न नेता खालून.

वरातीत जागा निवडावी लागते. बँडच्या लगेच मागे नाही. तिथली पोरं उलट्या पावलांनी नाचतात आणि थेट मांडीवर येऊन बसतात. डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून दोन्ही कडांना उतरता असतो. कडेनं गेलं तर खुर्ची सारखी नालीकडे ओढते आणि एकाच दंडाला गोळे येतात, तेव्हा रस्त्याच्या मधोमध चालावं. बाभळीचा काटा आणि सराटा यांना टायर कळतो. वरातीआधी चाक हातानं फिरवून बघावं. पंक्चर सायकलच्या दुकानात निघतं. नवी ट्यूब घ्यायची तर टायरच्या कडेवर छापलेला आकडा दुकानदाराला दाखवावा. दुपारची वरात असेल आणि पारा ४५ अंशांवर, तर लोखंडी कडी हाताला चटका देते. अर्ध्या बोटांचे सायकलचे हातमोजे कामी येतात. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना घाम कमी येतो, अंग तापलेलं उशिरा कळतं. त्यांच्या मानेवर ओला दुपट्टा हवा.

गावात मदतीला तोटा नसतो, हीच अडचण. ‘उचल बे, एक, दोन, तीन!’ म्हणत चौघं येतात आणि हाताला येईल ते धरतात. हाताला येतं ते आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट, आणि ते दोन्ही निघतात. मग आर्मरेस्ट एकाच्या हातात आणि माणूस दोघांच्या. आधी विचारावं, कुठे धरू? मागे दोन मुठी, पुढे लहान चाकांच्या वरची चौकट. पायरी चढताना खुर्ची पाठमोरी, मोठी चाकं आधी. दोन फुटी स्टेजला नियमाचा १:१२ चा उतार काढायचा तर २४ फूट लागतात; तेवढा कोणी काढत नाही. त्यापेक्षा नवरा-नवरीनं आहेर घ्यायला आणि फोटोला खाली यावं, बाकीचे पाहुणेही दुवा देतील.

जेवणात बफेपेक्षा पंगत बरी. बफेत ताट हातात आलं की चाकं थांबली. ताट मांडीवर ठेवून निघालं तर गरम वरण सांडतं, आणि बधिर मांडी भाजलेली संध्याकाळी कपडे बदलताना दिसते. पंगतीत वाढपी तुमच्याकडे येतो. तोही मात्र शेजारच्याला विचारतो, ‘याले काय वाढू?’ उत्तर खुर्चीवरच्यानंच द्यावं, जरा मोठ्यानं: ‘वांग्याची भाजी, आणि रस्सा जास्त.’ गप्पा मारायच्या तर खुर्ची ओढून बसून माराव्यात. उभ्या घोळक्यात खुर्चीवरच्याच्या वाट्याला फक्त कोपरं आणि बेल्टची बक्कलं येतात.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. खुर्चीवरची बरीच माणसं लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण मांडवात जायला जागा नसते. मे महिन्यात याची किंमत लघवीच्या जळजळीनं आणि तापानं मोजावी लागते. मांडववाल्याकडे कनाती असतातच. एका कोपऱ्यात ५ बाय ५ फुटांचा आडोसा, आत कमोडची खुर्ची, पाण्याची बादली आणि खाली एक प्लायवूड. अर्ध्या तासाचं काम आहे. पत्रिका देतानाच ‘सोय केली आहे’ एवढं सांगितलं तर पाहुणा पाणीही पितो आणि थांबतोही.

रात्री सगळं पांगल्यावर लहान चाकं जड फिरू लागतात. तेलाची गरज नसते. चाकाच्या आसाभोवती हारांचा दोरा, एखादा केस, जरीचा तुकडा गच्च गुंडाळलेला असतो. ब्लेडनं दोरा एका जागी कापायचा, चिमट्यानं टोक धरायचं आणि चाक उलटं फिरवत ओढायचं. शेवटी झेंडूच्या दोनचार पाकळ्या निघतात, चुरगळलेल्या.