दरवाजे कुणी उघडले?

पावसाळ्यात कोल्हापुरात बातमीचं काम करणाऱ्याच्या डोक्यात दोन आकडे गोंदलेले असतात, 39 आणि 43. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 वर गेली की धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 च्या वर गेली, 2021 च्या जुलैत 56 च्या वर. तेव्हापासून पानपट्टीवालासुद्धा सुपारी कातरता कातरता "आज किती?" एवढंच विचारतो. समोरचा "छत्तीस दोन" म्हणतो. फूट आणि इंच म्हणायची गरज पडत नाही.

मी इथल्या एका दैनिकाच्या डिजिटल डेस्कवर आहे. बातमी बातमीदार लिहितो, फोटो फोटोग्राफर काढतो आणि त्याच्यावर चिकटवायची चार-पाच शब्दांची ओळ मी लिहितो. एवढ्याचे पगार कसे काय देतात, हे आईला अजून कळलेलं नाही. मलाही महिन्यातून एखाद्या वेळी तसंच वाटतं.

त्या दिवशी माझी पहाटपाळी होती. सहाला दहा कमी असताना राधानगरीच्या बातमीदाराचा व्हिडिओ आला. बारा सेकंदांचा, उभा. पांढरंफेक पाणी कोसळतंय आणि त्याचा आवाज असा की बातमीदार काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. खाली मात्र त्यानं नीट टाइप केलं होतं, "स्वयंचलित दरवाजा क्र. 6 पहाटे उघडला. 1428 क्युसेक. वीजगृहातून 1500. एकूण विसर्ग 2928."

दुसऱ्या कुठल्याच पेजवर अजून काही पडलं नव्हतं. आमच्या धंद्यात ही जाणीव चहापेक्षा जास्त तरतरी आणते. मी लिहिलं:

"राधानगरीचे दरवाजे उघडले!"

आणि खाली, आकडे, सगळे, नीट. फक्त ते आकडे 'आणखी पहा'च्या पलीकडे गेले.

एक दरवाजा असताना मी 'दरवाजे' का लिहिलं? खोटं सांगत नाही, मुद्दाम नाही लिहिलं. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' हा आमच्याकडे ठरलेला शब्दप्रयोग आहे, दरसाल पावसाळ्यात एकदा तरी तोंडात येतो. 'दरवाजा उघडला' म्हटलं की शेजारणीनं कडी काढल्यासारखं वाटतं. बोटं सवयीनं चालली.

इथं बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, 8.36 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरत आलं की पाण्याच्या दाबानं ते एकेक करून वर होतात, पातळी उतरली की खाली बसतात. कुणी बटण दाबत नाही, कुणाच्या सहीची वाट बघत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक. सातही उघडले तर दहा हजारांच्या घरात. कोल्हापुरात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं असा माझा समज होता.

चौथ्या मिनिटाला पहिली कॉमेंट पडली: "पहाटे अंधारात कुणी उघडले? लोक झोपल्यावरच का?"

बास. मी चहा घेऊन परत येईपर्यंत तिला दोनशेच्या वर लाइक होते आणि ती सगळ्यांत वर जाऊन बसली होती. आता जो कुणी येत होता त्याला आधी माझी ओळ दिसत होती, मग पाण्याचा धबाबा आवाज, मग हा प्रश्न. तिथून पुढं कुणीही पाण्याबद्दल बोललं नाही. सगळे 'कुणी'बद्दल बोलायला लागले. एकानं पाटबंधारे खात्याचं नाव घेतलं, एकानं पालकमंत्र्यांचं, एकानं साखर कारखान्यांचं. अर्ध्या तासात गाडी अलमट्टीवर गेली. कर्नाटकाला कृष्णेवरच्या त्यांच्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायची आहे आणि त्यानं पाणी मागं इथवर तुंबेल अशी भीती आहे, हे आमच्याकडं जिव्हाळ्याचं आणि खरोखर काळजीचं भांडण आहे. पण राधानगरीचं पाणी भोगावतीतनं पंचगंगेत, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि कृष्णा पुढं वाहत वाहत अलमट्टीला. तिथल्या भिंतीनं इथला दरवाजा पहाटे उघडायचं काही कारण नाही. असं एकानं लिहिलंही. त्याला उत्तर मिळालं, "किती मिळाले?"

2018 च्या जानेवारीत फेसबुकनं जाहीर केलं होतं की जी पोस्ट लोकांना एकमेकांशी बोलायला लावेल ती आम्ही वर दाखवू. ऐकायला किती छान. भांडण हेही बोलणंच असतं, एवढंच. सातपर्यंत आमची पोस्ट महिन्याभरातल्या सगळ्या पोस्टांच्या पुढं गेली होती आणि डेस्कप्रमुखांनी घरूनच अंगठा पाठवला होता. तेवढ्यात दुसऱ्या एका पेजनं ओळ टाकली, "सेकंदाला 40 हजार लिटर पाणी!" ही तर गणितानंही बरोबर आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, करा गुणाकार. पण तेच 1428 क्युसेक धरणातनं दिवसभरात टीएमसीचा आठवा भाग नेतात, असं लिहिलं असतं तर कुणी बोटही थांबवलं नसतं.

सव्वासातला चिखलीहून आत्याचा फोन. प्रयाग चिखली म्हणजे जिथं नद्यांचा संगम होऊन पंचगंगा होते तेच गाव. पूर आला की आधी तिथं येतो.

"आरं, दारं उघडली म्हणं राधानगरीची. म्हशी हलवू का काय करू?"

"कुणी सांगितलं आत्या?"

"तुझ्याच पेपरचं आलंय की भजनी मंडळाच्या ग्रुपवर. दोन हलवल्या बी सोनतळीला. ही तिसरी गाभण हाय, टेम्पोत चढंना. पोरगं वढतंय, ती बसकण मारतीया."

मागून म्हशीचं हंबरणं आणि पोराच्या शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. 2021 ला आत्यानं मांडीभर पाण्यातनं जनावरं बाहेर काढली होती. ती घाबरट बाई नाही. मी म्हटलं, एकच दरवाजा उघडलाय, आपोआप उघडतो तो, बंधाऱ्यावर छत्तीस दोन आहे, इशाऱ्यालाच अजून पावणेतीन फूट आहे.

"मग दारं म्हणून कशाला लिवलंय?"

मला बोलता येईना. शेवटी म्हटलं, गाभण आहे ती राहू दे, दुपारी सांगतो.

फोन ठेवला आणि मग कॉमेंटी वरपासून खालपर्यंत वाचल्या. तेव्हा सव्वाचारशे होत्या. त्यात एकशे सत्तरावी का काहीतरी, आंबेवाडीच्या कुणाची तरी: "गोठ्यातली जनावरं आजच हलवावीत का? कृपया सांगा." तिला एकही उत्तर नव्हतं. लाइक एक. बहुतेक तिचा स्वतःचाच. वरखाली दोन्हीकडं मंत्र्यांच्या नावानं शिमगा चालला होता.

आमच्याकडं एक जुने मुद्रितशोधक काका आहेत. निवृत्त झालेत, पण करमत नाही म्हणून सकाळी तीन तास येतात. डिजिटलचं ते काही बघत नाहीत, त्यांच्या मते ते 'भिंतीवर लिहिणं' आहे. त्यांना ओळ दाखवली आणि विचारलं, यात चुकलंय काय? अनेकवचन सोडा, ते कळलं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"कर्ता कोण?"

"दरवाजे."

"कर्ता का कर्म?"

मी गप्प.

"मराठीत 'उघडणं' दोन्हीकडं चालतं. दार आपणहून उघडतं तरी 'दार उघडलं', आणि कुणी उघडलं तरी 'दार उघडलं'. 'वाऱ्यानं दार उघडलं', 'चोरानं दार उघडलं', आणि नुसतं 'दार उघडलं'. मध्यरात्री तिसरं वाक्य कानावर पडलं तर तुला वारा आठवेल का चोर?"

आणि परत ग्रामपंचायतीच्या जाहिरातीकडं वळले.

मी एम.ए. मराठी आहे. सकर्मक-अकर्मक मला दहावीतच पाठ होतं. पण ओळ छोटी करायची म्हणजे शब्द काढायचे, एवढंच आम्हाला शिकवलेलं. काढलेल्या शब्दाच्या जागी भोक पडतं आणि त्या भोकात वाचणारा आपल्याजवळ असेल ते भरतो, हे तिथं बसून पहिल्यांदा दिसलं. त्याच्याजवळ 2019 आहे, 2021 आहे, चिखलानं भरलेलं कपाट आहे, भरपाईच्या यादीत न आलेलं नाव आहे. तो 'वारा' कशाला भरेल?

मी ओळ बदलली. "राधानगरीचा एक दरवाजा (क्र. 6) आपोआप उघडला. पंचगंगा 36 फूट 2 इंच, इशारा 39." आंबेवाडीच्या कॉमेंटला उत्तर दिलं, ते पिन केलं. हीच ओळ घेऊन नवी पोस्टही टाकली.

डेस्कप्रमुखांचा फोन आला. "ही ओळ आहे का सातबारा?"

नव्या पोस्टवर गर्दी नव्हती. तासाभरात साठ-सत्तर कॉमेंटी. पण काय कॉमेंटी! "मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलंय काय, गगनबावड्याला जायचंय." त्याच्याखाली कुणीतरी, "अजून नाही, पण सकाळपेक्षा हातभर वर आहे." एकानं बालिंग्याच्या पुलाचा फोटो टाकला. एक बाई दर तासाला आपल्या परड्यातल्या दगडापर्यंत पाणी आलं की नाही ते लिहीत होती; तिचं नाव मला माहीत नाही पण तो दगड मी आता कुठंही ओळखेन. आधीच्या ओळीखाली 'कुणी' विचारणारी माणसं आणि ह्या ओळीखाली 'किती' विचारणारी माणसं काही वेगळ्या जिल्ह्यातली नव्हती. दोन-तीन नावं तर दोन्हीकडं होती, तिकडं शिव्या देऊन इकडं इंच विचारणारी.

अमेरिकेत एनपीआर नावाच्या रेडिओ संस्थेनं 1 एप्रिल 2014 ला अशीच गंमत केली होती. अमेरिका आता वाचत का नाही, असा मथळा देऊन फेसबुकवर लिंक टाकली. उघडली की आत लिहिलेलं, ही एप्रिल फूलची थट्टा आहे, वाचलं असेल तर लाइक करा पण कॉमेंट करू नका. खाली वाचनसंस्कृतीवर तावातावानं कॉमेंटी. हा किस्सा मी नव्या मुलांना हसत हसत सांगायचो. त्या दिवसापासून हसणं जरा कमी झालंय, कारण म्हशी टेम्पोत चढवणाऱ्या बाईनं आत उघडून बघावं हे म्हणायला मला तोंड नाही. तिच्या ग्रुपवर लिंक गेलीच नव्हती. गेला होता तो ओळीचा स्क्रीनशॉट. त्याला 'आणखी पहा' नसतं.

आणि बदललेली ओळ स्क्रीनशॉटमध्ये बदलत नाही. अकराच्या सुमारास जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी लावलेलं चित्र फिरायला लागलं. वर लाल अक्षरांत: "फोन आला आणि 'आपोआप' झाले!" म्हणजे मी चूक सुधारली हाच पुरावा ठरला. दुपारपर्यंत 'आपोआप' हा शब्द गावानं उचलला. "आमच्या गल्लीतला रस्ता पण आपोआप खचला." "टेंडर आपोआप निघालं." "साहेब आपोआप निवडून आले." एकानं सासरवाडीबद्दल लिहिलं होतं ते इथं देत नाही. कोल्हापूर एकदा नादाला लागलं की सुटका नाही. खरं सांगायचं तर दोन-तीनला मीही मोठ्यानं हसलो. सकाळच्या रागापेक्षा हे बरं, असं म्हणून मनाला समजावलं. पण त्या हसण्यात सगळ्यांत खरा शब्दच थट्टेचा झाला, हेही समोर दिसत होतं. पुढच्या खेपेला दरवाजा खरोखर आपोआप उघडेल तेव्हा मी काय लिहू?

ती वेळ संध्याकाळीच आली. पाऊस ओसरला, पातळी उतरली, सहा नंबर खाली बसला. काका घरी गेले होते. 'आपोआप' लिहायची हिंमत नव्हती, नुसतं 'बंद' लिहिलं तर पुन्हा भोक. दहा मिनिटं लागली त्या ओळीला. शेवटी लिहिलं, "पाणी उतरलं, दरवाजा क्र. 6 बंद झाला." कारणही आलं, 'झाला'ही आलं, कर्त्याला कुठं शिरायला फट नाही. स्वतःवरच खूश होऊन पोस्ट केलं.

पहिली कॉमेंट: "कुणी केला?" पुढं तीन हसरे चेहरे.

निघताना आत्याचा पुन्हा फोन. तिसरी म्हैस गोठ्यातच आहे, वैरण खातीय, पोराच्या पायावर मात्र पाय दिलाय. पहिल्या दोन माघारी आणायच्या का?

म्हटलं, सकाळचा आकडा बघतो, मग टाकतो.

"टाकू नगं," ती म्हणाली. "फोन कर."