नव्याचा रोजा आणि दहावा माणूस

रोश हशानाचे, म्हणजे यहुदी नववर्षाचे, दोन दिवस आमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनालयात) बसायला जागा मिळत नाही आणि लगेच तिसऱ्या दिवशी, तिश्री महिन्याच्या तृतीयेला, नव्याच्या रोजासाठी, म्हणजे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यहुद्यांवर नेमलेला सुभेदार गदल्या याच्या खुनाच्या दुःखात धरायच्या उपासासाठी, दहा पुरुष जमत नाहीत, हे मला दरवर्षी सलते. गुरुवार, 25 सप्टेंबर 2025 रोजी तर ते फारच जिव्हारी लागले.

उपास तसा कडक नाही. पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते. पण अंघोळीला किंवा चामड्याच्या चपलेला योम किप्पुर या सर्वांत कडक उपासासारखी बंदी नसते, आणि आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सूट असते. मी नेहमीप्रमाणे कामावर गेलो आणि तिथूनच सिनेगॉग गाठले.

मिन्हाच्या, म्हणजे दुपारनंतरच्या प्रार्थनेच्या, वेळी सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) काढून, लोकांनी सोन्याचे वासरू पुजल्याच्या पापानंतर मोशेने देवाला केलेली विनवणी वाचायची असते आणि त्यासाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. आम्ही नऊ होतो. प्रार्थना चालवणारे हजान फोन लावत होते. कोणी गाडीची वाट पाहत होता, कोणी साहेबांपुढे बसला होता, तर एकाने "नऊ आहात ना, मग येईलच कोणीतरी," असे सांगून फोन ठेवला. बाकावरचे ऊन सरकत भिंतीवर चढले, तरी पुस्तक त्याच पानावर उघडे होते. मला खरोखर राग आला. गदल्याला राजघराण्यातल्या इश्माएलने मिस्पा येथे एकाच पंक्तीला जेवताना मारले, योहानान या सरदाराने आधी सावध करूनही गदल्याला ते खरे वाटले नव्हते, आणि पुढे बाबेलच्या धास्तीने मागे राहिलेले यहुदी मिसरात (इजिप्तमध्ये) निघून गेले; ज्या दिवशी या पांगापांगीचे दुःख करायचे, त्याच दिवशी आपण उरलेसुरले एकत्र येऊ नये? दहावा गृहस्थ घामाघूम होऊन, खांद्यावरची बॅग न उतरवताच आत आला, तेव्हा मला इतके हायसे वाटले की तहानही विसरलो.

म्हणून सांगतो, रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी सगळे समोर असतात, तेव्हाच दहा जणांकडून तोंडी शब्द घ्यावा. पहाटे उठून खायचे असेल तर तसा निश्चय आदल्या रात्रीच करावा. 2024 साली तृतीया शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, आल्यामुळे रोजा रविवारी धरला गेला होता. 2026 साली तो 14 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या सुट्टीच्या दिवशी येतो, तेव्हा ऑफिसची सबब उरणार नाही, पण रस्त्यात मूर्ती आणणाऱ्यांची गर्दी असेल, म्हणून घरून तासभर आधीच निघावे.