कमानींखालचे मोजमाप

वारसा इमारतींची मोजमापे घेऊन त्यांचे आराखडे करणे हे माझे काम असल्यामुळे मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंत जाणाऱ्या जुन्या हॉर्नबी रोडवर, माझे येणेजाणे नेहमीचेच आहे. मात्र या रस्त्याची रचना मला खऱ्या अर्थाने उमगली ती जुलैतल्या एका दिवशी, आणि त्या दिवशी काम जवळजवळ झालेच नाही.

एका इमारतीच्या आर्केडमधील, म्हणजे तळमजल्यावरच्या कमानींखालच्या वाटेतील, खांबांची अंतरे नोंदवायची होती. अकराच्या सुमारास पावसाने असा जोर धरला की उघड्यावरची सगळी माणसे कमानींखाली शिरली आणि टेपचे दुसरे टोक धरलेला सहकारी मला दिसेनासा झाला. घड्याळाचे पट्टे विकणारे काका आपली पेटी खांबालगत ओढत म्हणाले, "मॅडम, आता मापं राहू द्या, चालू लागा. स्टेशनपर्यंत फारसं भिजायला होणार नाही."

गर्दीबरोबर मी उत्तरेकडे चालू लागले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडला गेला आणि पुढे या रस्त्याचे रूप पालटले. १८९६ च्या नियमाने येथील प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी आर्केड ठेवणे बंधनकारक केले. शैलीचे स्वातंत्र्य मालकाला होते, त्यामुळे पेटिट इन्स्टिट्यूट या ग्रंथालयाच्या १८९८ मधील निओ-गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतील, इमारतीच्या रांगेत अभिजात आणि इंडो-सारसेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घाटाचे, दर्शनी भागही सुखाने नांदतात. वर पाहिले तर कोणाचा कोणाशी मेळ नाही. खाली मात्र वाट एकच. फरक जाणवतो तो पायांना: कुठे एक पायरी चढावी लागते, कुठे उतरावी लागते, आणि इमारत बदलली की फरशीही बदलते.

जिथे एखाद्या दुकानाने कमानीत काचेचे कपाट उभारून वाट अडवली होती, तिथे सगळा लोंढा भर पावसात रस्त्यावर उतरत होता. फेरीवाल्यांबद्दलच्या तक्रारी आम्ही बैठकांत नेहमी ऐकतो; त्या दिवशी फेरीवाले पेट्या सरकवून जागा करून देत होते, कपाटे मात्र सरकत नव्हती. जतनाच्या कामात आमचे बरेचसे लक्ष मालाडच्या पिवळसर दगडावर, कोरीव कामावर आणि पाट्यांच्या आकारावर असते. ते हवेच, पण ज्या कारणासाठी कमानी बांधल्या ते कारण नोंदवहीत क्वचितच येते, असे माझे मत आहे.

दुपारी पाऊस ओसरल्यावर आम्ही परतलो आणि दोनच कमानी मोजून झाल्या. उरलेल्या वेळात लगतच्या इमारतींच्या सांध्यांवर फरशीची पातळी किती चढते-उतरते आणि वाट कुठे बंद आहे, हे मी टिपून घेतले. ठरलेल्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ही मापे आराखड्याच्या समासात लिहिली. पुढच्या इमारतीचा तक्ता करताना तो रकाना घालून घेतला.