कोयनानगर ते जत: पाहुण्यांची घरं आणि पावसातला तंबू

गुहागर-विजापूर रस्ता कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला येतो आणि पाटण, कराड, कडेगाव, विटा करत जतकडे निघून जातो. कोयनानगर-नवजा भागात हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जतला वर्षभरात पाचशेच्या आसपास. म्हणजे एकाच रस्त्यावर दिवसाभरात झडीतून उन्हात जाता येतं. सातारा-सांगलीकडच्या माणसाची नाती बहुधा याच पट्ट्यात विखुरलेली असतात. आत्या पाटण खोऱ्यात, मामा विट्याजवळच्या वस्तीवर, कॉलेजचे मित्र सांगलीत. आमची ही फेरी तशीच बेतलेली होती, आषाढ उतरताना, पश्चिमेकडून पूर्वेकडे.

दिशा उलटी करू नका. जून ते ऑगस्ट आधी ओलं, मग कोरडं असंच जावं, म्हणजे सामान वाटेत वाळत जातं. सप्टेंबरात मात्र गणित फिरतं. तेव्हा कोयनेकडे उघडीप मिळते आणि पूर्वेला दुपारनंतर विजांचा पाऊस सुरू होतो, कारण जत-आटपाडीच्या वाट्याचा मोठा पाऊस परतीचा असतो. विट्याच्या पुढच्या उघड्या माळावर वीज कडाडायला लागली की तंबूत बसायचं नाही, गाडीत काचा वर करून बसायचं. एकट्या झाडाखाली तर नाहीच.

दुसरा नियम असा की तंबूच्या जागा नंतर ठरवाव्यात, आधी पाहुण्यांची घरं मांडावीत. भिजलेला तंबू पिशवीत दोन दिवस राहिला की त्याला बुरशी धरते, आतला पाणीरोधक थर चिकट होतो आणि पुढे पापुद्रे सुटून तो गळायला लागतो. वाळवायला छप्पर लागतं, आणि ते पाहुण्यांच्या सोप्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मिळतं. एक रात्र तंबू, एक रात्र घर, हा क्रम पाटण तालुक्यात मोडू नये. तिथे सलग दोन रात्री बाहेर काढल्या की दुसऱ्या रात्री अंथरूणही ओलं असतं.

पाटण ते कोयनानगर रस्त्यावर मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मुक्कामाची नसते. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तंबू टाकता येत नाही. कोयना धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठची सपाट जागा कितीही मोहात पाडो, तिथे थांबू नका. दरवाजे उघडले की आपल्या डोक्यावर थेंब नसतानाही पाणी चढतं. राहिला गावकऱ्याचा खासगी माळ किंवा पाहुण्यांचं परडं. सरपंच किंवा पोलीस पाटलांना एक फोन करून ठेवला की रात्री बॅटरी मारत कुणी विचारायला येत नाही. शाळेच्या व्हरांड्यावर शनिवारी संध्याकाळखेरीज डोळा ठेवू नका, सकाळी पोरं येतात. देवळाच्या सभामंडपात पथारी चालते, पण आत स्टोव्ह पेटवायचा नाही.

सडावाघापूर, वनकुसवडे हे पवनचक्क्यांचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची पठारं, जांभ्याचे आहेत. वरून हिरवं गवत, खाली दोन बोटं माती आणि मग कातळ. खुंटी जातच नाही. ठोकत बसलात तर खुंटी वाकते, एवढंच. इथे दगडानं बांधायचं: साधारण आठ-दहा किलोचा चपटा दगड घ्या, दोरी त्याच्या मधोमध दोन वेढे देऊन बांधा, दगड तंबूपासून हातभर लांब आडवा ठेवा आणि दोरीवर दुसरा, पहिल्यापेक्षा जड दगड ठेवा. ओढ पहिल्याला बसते, वरचा त्याला घसरू देत नाही. नुसता एकच दगड दोरीच्या टोकाला बांधला तर रात्रभरात तो हळूहळू तंबूकडे सरकतो. दगड जांभ्याचे असतील तर कडा खरखरीत असतात, दोरी घासून तुटते. वेढ्याखाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. सड्यावर वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दार पूर्वेला. त्यातूनही सड्याच्या कडेपासून चांगलं आत यावं. सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहायला गर्दी होते, तो उलटतो याचा अर्थच असा की कड्यावरून वर येणारा वारा पाण्याला खाली पडू देत नाही. तिथे तंबूचं काय होईल ते सांगायला नको.

तंबू दुहेरी भिंतीचाच हवा, म्हणजे आतली जाळी वेगळी आणि बाहेरचं कव्हर वेगळं. बाजारात स्वस्तात मिळणारे एकेरी कापडाचे तंबू मार्चमध्ये ठीक असतात. कव्हरच्या शिवणी घरीच सीम सीलरनं (शिवणीची भोकं बुजवणाऱ्या लेपानं) लेपून चोवीस तास वाळवाव्यात. खाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी चार बोटं आत दुमडलेली असावी. बाहेर डोकावली तर कव्हरवरचं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. रात्री तंबूत पाणी आलं अशी जी तक्रार होते, तिच्यात निम्म्या वेळा दोष या ताडपत्रीचा असतो आणि उरलेल्यात श्वासाचा. तीन माणसं झोपली की श्वासाची वाफ कव्हरवर धरते आणि पहाटे टपकते. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नका, दोन्ही बाजूंचे उघडे ठेवा. नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं, तेव्हा तंबू उभा केल्यावर अर्ध्या तासानं सगळ्या दोऱ्या परत ताणून घ्या.

वरून आणखी एक बारा बाय पंधरा फुटी ताडपत्री दोन झाडांत किंवा झाड आणि गाडीचं कॅरिअर यांत ताणली तर स्वयंपाक आणि कपडे बदलणं तिच्याखाली होतं. मधे कणा ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्या. सपाट बांधली की पोटात पाणी साचतं आणि कधीतरी मध्यरात्री सगळं एकदम खाली येतं. दोरीवरून ओघळत येणारं पाणी तोडायला प्रत्येक दोरीवर, ताडपत्रीच्या टोकापासून वीतभर अंतरावर, सुतळीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोडायचा. पाणी तिथून गळतं. फायबरची काठी चिरली तर तिच्यावर सरकेल असा दहा-बारा सेंटीमीटरचा पाइपचा तुकडा आणि चिकटपट्टी जवळ असू द्या. स्टोव्ह किंवा शेगडी तंबूच्या आत कधीही नाही, विझत आलेला निखारासुद्धा नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

जळवा कोयनेच्या रानात आहेतच. मोज्यांत विजार खोचा, फडक्यात मीठ बांधून पुरचुंडी जवळ ठेवा. लागलेली जळू ओढू नका, मीठ लावलं की सुटते.

गाडीबद्दल थोडं सविस्तर, कारण या रस्त्यावर तंबूपेक्षा गाडीनंच अडकायला होतं. टायरची खाच कायद्यानं १.६ मिलिमीटर चालते, पण पावसात ३ मिलिमीटरच्या खाली टायर असेल तर घाटात जाऊ नका. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. असं झालं की ब्रेक मारायचा नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि चाक सरळ धरायचं. धुक्यात लो बीम, चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय ते कळत नाही. काच आतून धुरकटली तर फडक्यानं पुसून उपयोग नाही, एसी लावून हवा काचेवर सोडा. दरड कोसळलेल्या उताराखाली फोटोसाठी थांबू नये. एकदा माती आली की तिथेच परत येते.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कडेचे दगड दिसतात का ते पाहायचं. दिसत नसतील तर मागे फिरायचं, बस. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काम इंजिन खोलण्यावर जातं. ढकलून बाहेर काढा. पाण्यातून निघाल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे ब्रेक वाळतात.

कराड सोडलं की माती बदलते. कृष्णाकाठची, कडेगाव-पलूसकडची काळी रानं वाफसा नसताना, म्हणजे माती पुरेशी सुकलेली नसताना, गाडीला गिळतात. रस्त्याच्या कडेला गवत दिसलं म्हणून चाकं खाली उतरवू नयेत. मामांच्या वस्तीपर्यंत मुरमाचा रस्ता असेल तरच गाडी आत न्यायची, नाहीतर डांबरीला लावून चालत जायचं. रुतलीच तर ॲक्सिलरेटर देत बसू नका, दर फिरकीला चाक आणखी खाली जातं. जॅकखाली फळी ठेवून चाक उचलायचं, त्याखाली दगड किंवा कडबा भरायचा, आणि तरी हलली नाही तर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला दोर लगेच बंपरला टाकतो. त्याला थांबवा, टूलकिटमध्ये आट्यांचा हुक असतो, बंपरवरची छोटी टोपी काढून तो घट्ट फिरवायचा आणि दोर त्यालाच बांधायचा. हा हुक कुठे बसतो ते निघण्याआधी घरी बघून ठेवा, चिखलात आडवं पडून शोधण्यापेक्षा सोपं.

काळ्या रानात तंबूला फूटभर लांबीच्या खुंट्या लागतात, आखूड खुंट्या लोण्यातून निघाव्या तशा निघतात. पण खरं सांगायचं तर तिथे तंबू रानात नकोच. पत्र्याच्या शेडमध्ये फक्त आतली जाळी उभी करा, कोपऱ्यांत विटा ठेवा. पावसाची काळजी पत्रा घेतो, डास आणि सापाची काळजी जाळी. बारीक चेन रात्री पूर्ण लावलेलीच हवी, कारण मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. विट्याच्या पुढच्या खडकाळ माळावर फुरसं असतं. रचलेले दगड हातानं उचलू नका, आधी काठीनं हलवा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय. प्रतिविष तिथे मिळतं.

सांगलीच्या मित्रांकडे जायचं की नाही हे रोज सकाळी ठरवावं लागतं. दोन आकडे बघायचे: कोयनेतून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे, आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ मध्ये ती ५७ च्या वर गेली होती. कोयनेची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडी वर, त्यामुळे धरण शंभरीकडे आलं आणि नवज्याला झड लागली की सांगलीचा बेत रद्द समजावा. पातळी पस्तीसच्या पुढे असेल आणि चढती असेल तर आम्ही विट्याहून खाली उतरतच नाही, सरळ जत. नदीकाठची दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट ही वस्ती आधी पाण्याखाली जाते. मित्र तिथला असेल तर त्याला सामान हलवायला हात लागतो, जेवणाचं आमंत्रण नव्हे. तेव्हा भेटायला जायचं ते त्या तयारीनं. पाणी चढत असताना नदीवरचे बंधारे आणि छोटे पूल सगळ्यांत आधी बुडतात. नकाशावरचं ॲप त्यावरूनच जवळचा रस्ता दाखवत राहतं.

पाहुण्यांकडे काय न्यायचं? पाटण खोऱ्यात झडीत वीज जाते, तिथे पेढ्यांपेक्षा टॉर्चचे सेल आणि चार्ज केलेली पॉवर बँक यांना जास्त मान. कराडच्या मंडईतून टोमॅटो, कोथिंबीर, लिंबं वर नेली तर आत्या खूश. परतताना सांगलीहून भडंग आहेच. आखाडात मटणाचा आग्रह होणार हे धरून चला. श्रावण लागला की नाही. बेंदराच्या दिवशी मामांकडे पोहोचणार असाल तर आधी सांगा, त्या दिवशी शेड बैलांसाठी मोकळं हवं असतं आणि तुमच्या ताडपत्रीला जागा नसते. ओले बूट, ओली सॅक सोप्यात नेऊ नका. दोन गोणपाट बरोबर ठेवले की सगळं ओलं त्यावर, पडवीतच. तंबू वाळवायला चुलीजवळ टांगायचा नाही, ठिणगी उडाली की नायलॉनला भोक पडतं. उंच दोरीवर, आतली बाजू बाहेर करून, वारा लागेल असा. रात्रीत वाळतो.

जतकडे पोहोचेपर्यंत ऊन असतं आणि तिथे अडचण उलटी होते: पाणी. काही गावांना जुलैतही टँकर येतो. पाहुण्यांच्या आडावर तंबूचा चिखल धुवायला बसू नका. तो वाळू द्या आणि झटकून काढा. प्यायचं पाणी विट्याहूनच भरून घ्या, माणशी पाच लिटर धरून.

परतीला पुण्याकडे जायचं तर विटा, मायणी, दहिवडी, फलटण, लोणंद ही वाट बरीच कोरडी आहे आणि महामार्गावरचा खंबाटकी घाट टळतो. फक्त आषाढी एकादशीच्या आधीच्या दिवसांत ही वाट घेऊ नका. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण मुक्कामाला असते आणि त्या पट्ट्यातली वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्यात कराडवरून महामार्ग धरावा.