तुमची ती कोंबडीची फाईल ना?

अर्जाच्या नवव्या रकान्यात होतं, 'संगोपन पद्धत'. मी 'सेंद्रिय' लिहिलं आणि तिथेच फसले.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बॉयलर आणि सेंद्रिय कोंबडीच्या आतड्यातल्या जिवाणूंची तुलना करायची होती. बॉयलरचे नमुने एका सकाळीच मिळाले. दुसऱ्या गटासाठी मुळशीकडच्या एका काकांना गाठलं. कोंबड्या दिवसभर बांधावर, रात्री खुराड्यात. औषधाचं विचारलं तर म्हणाले, "अगं, गावठी आहेत त्या, त्यांना कसलं औषध?" मी खूश.

नमुने डीएनए तपासणीला बाहेर पाठवायचे, म्हणून मंजुरीचा अर्ज. तो परत आला. शेरा : 'सेंद्रिय असल्याचा पुरावा जोडावा.' काकांचं सहीचं पत्र जोडलं. बारा दिवसांनी पुन्हा परत : 'प्रमाणपत्र जोडावे.' हे पहिल्याच वेळी लिहायला काय झालं होतं? रोज साडेअकराला आवक-जावकच्या खिडकीशी उभी. आतल्या बाई बशीत चहा ओतत विचारायच्या, "तुमची ती कोंबडीची फाईल ना? वर गेलीय." वर गेलं की, "खाली पाठवली." मधे साहेब रजेवर. असे सात आठवडे. नमुने उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, बाहेर पाऊस, आणि वीज गेली की माझ्या पोटात गोळा.

चीड याची की शेरा बरोबरच होता. आपल्याकडे 'सेंद्रिय' म्हणायचं तर २००१पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियम आहेत. कोंबडीचं खाद्यसुद्धा सेंद्रिय लागतं, नोंदी आणि तपासणी वेगळीच. काकांचा मका बाजारातला. शेवटी एका सीनियरने सुचवलं, 'मुक्तसंचार, प्रतिजैविकांशिवाय' लिही. चार दिवसांत सही!

आणि ज्याने खरा फरक पडतो, त्या वयाला अर्जात रकानाच नव्हता. बॉयलर चाळीसेक दिवसांचे, काकांच्या कोंबड्या पाच महिन्यांच्या. वयाबरोबर आतड्यातले जिवाणू बदलतात, जातीनेही फरक पडतो. तेव्हा दिसलेला फरक संगोपनाचा की वयाचा, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. तुम्ही करणार असाल तर दोन्हीकडे एकाच वयाचे पक्षी आधी शोधा, अर्ज नंतर.

राहिलंच, नमुना सीकमचा घ्या. लहान आतडं संपतं तिथल्या त्या दोन, एका टोकाला बंद असलेल्या पिशव्या. त्यातल्या एका ग्रॅममध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. कापण्याआधी पिशवीचं तोंड दोऱ्याने बांधा, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळतं. कोंबडी मारायची नसेल तर तिची चॉकलेटी, चिकट विष्ठा ताजी असतानाच उचला. ती सीकममधलीच.

काकांच्या कोंबड्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू निघाला. मोकळ्या फिरणाऱ्यांत तो माती-पाण्यातून, रानपाखरांकडून सहज येतो. काकांना फोन केला.

"म्हणजे कोंबड्या आजारी?"

"नाही काका, त्यांना सहसा काही होत नाही. माणसाला जुलाब होतात. चिकन नीट शिजवा."

"कच्चं कोण खातंय गं?"