तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोराला बाहेर का बसवलंत?

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि बास्केटबॉलचा संघ सांभाळतो. पालक, जुने विद्यार्थी, स्टाफरूममधले सहकारी, अगदी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूससुद्धा मला एकच प्रश्न विचारतो. "सर, चांगला खेळणारा पोरगा तुम्ही बाहेर का बसवता? खेळ बिघडला म्हणून, की अ‍ॅटिट्यूड बिघडला म्हणून?"

बरीच वर्षं मी "दोन्ही" म्हणून विषय मिटवायचो. ते उत्तर खरं नव्हतं. खरं काय ते मला एका पोरामुळे कळलं. त्याला विचारूनच हे लिहितोय, नाव मात्र लिहीत नाही.

आधी मिनिटांचा हिशेब सांगतो, कारण तो कुणी मांडत नाही. मॅच ४० मिनिटांची, दहा-दहाचे चार क्वार्टर. मैदानात पाच जण. म्हणजे कोचच्या हातात वाटायला २०० मिनिटं. संघात १२ पोरं. सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ मिनिटं ४० सेकंद. एकाला ३० दिली की बाकीच्यांच्या ताटातली १३ गेली. अमेरिकेतल्या कॉलेज संघाला एका मोसमात तीसेक मॅचेस मिळतात, आज वाईट खेळला तर दोन-तीन दिवसांनी दुसरी असतेच. आपलं विद्यापीठ २००४ साली झालं ते एका जिल्ह्यापुरतं. त्या पोराच्या पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या वाट्याला साखळीतल्या तीन मॅचेस आल्या आणि मोसम संपला. वर्षभर पहाटे साडेपाचला सिमेंटच्या कोर्टवर यायचं आणि पदरात जास्तीत जास्त १२० मिनिटं. ती कापली जातात तेव्हा पोराचं काय होत असेल, याचा विचार मी केलाच नव्हता.

पोरगा शहराच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत आणि मैदानात मराठी, चिडला की हिंदी. नववीतच पाच फूट अकरा इंच झालेला. शाळेत सगळ्यांत उंच, म्हणून बास्केटखाली उभा. वरून पास आला की बोर्डाला लावून आत. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत त्याची बास्केट कुणी अडवू शकत नव्हतं. घरी भिंतीवर मेडलं. कॉलेजात आला तेव्हा मीच लोकांना सांगत फिरलो, की यंदा आपल्याकडे चांगला पोरगा आलाय.

पण नववीनंतर तो वाढला नाही आणि बाकीचे वाढत राहिले. कॉलेजच्या पहिल्याच मोसमात समोरचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा, सहा फूट तीन. बास्केटखाली त्याचे शॉट अडायला लागले. मी त्याला बास्केटपासून लांब आणला, विंगवर, म्हणजे कोर्टच्या कडेला. तिथून मारायचं म्हणजे सगळी कला नवी. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, बॉलचा साधारण २४. बॉल उंच जाऊन वरून उतरला तर त्याला जवळजवळ पूर्ण रिंग मिळते. सपाट आला तर तीच रिंग त्याच्यासाठी चिंचोळी होते. ह्याला कधी लांबून मारावंच लागलं नव्हतं, त्यामुळे शॉट सपाट. बॉल रिंगच्या पुढच्या काठावर आपटायचा. तो ठण्ण आवाज मला अजून आठवतो.

पहिल्या मॅचला मी त्याला ३१ मिनिटं खेळवलं. पाय मुरगळलेला एक पोरगा बेंचवर होता, त्याच्या हातात वही दिली होती. मॅचनंतर त्यानं वही दाखवली. ह्याचे ९ शॉट हुकले. शॉट हुकला की हा दोन्ही हात पसरून रेफ्रीकडे बघत उभा राहायचा. जेमतेम दोन सेकंद. कोर्टची लांबी २८ मीटर. समोरच्यानं रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, घेऊन एक लांब पास टाकला, की चार-पाच सेकंदांत बॉल आपल्या बास्केटखाली. तिथं आपले चार आणि त्यांचे पाच. नऊपैकी ६ वेळा हा मागं राहिला, त्यातल्या ४ वेळा आमच्यावर बास्केट झाली. ८ पॉइंट. मॅच आम्ही ५ पॉइंटनी हरलो.

हे सगळं वहीत होतं. मी वाचलं, वही कपाटात ठेवली आणि दुसऱ्या मॅचला त्याला १९ मिनिटांवर आणलं. त्याला काही सांगितलं नाही. मला वाटलं, कळेल त्याला. पोरं हुशार असतात, कळतं.

त्याला कळलं ते एवढंच, की सरांच्या मनातून आपण उतरलो.

त्या दिवसानंतरचा त्याचा बेंचवरचा चेहरा मी विसरू शकत नाही. टॉवेल डोक्यावरून ओढून शेवटच्या टोकाला बसायचा. बुटाची लेस सोडायचा, बांधायचा, परत सोडायचा. टाइम-आउटला सगळे माझ्याभोवती गोल करून उभे, हा दोन पावलं बाहेर, हातात पाण्याची बाटली, नजर गेटकडे. दुसऱ्या कुणी बास्केट टाकली तर टाळी नाही. सरावाला दहा मिनिटं उशिरा. मी मनात म्हटलं, बघा, हाच तो अ‍ॅटिट्यूड, बसवलं ते बरोबरच केलं. तिसऱ्या मॅचला त्याला ६ मिनिटं मिळाली.

आता मागं वळून बघतो तेव्हा क्रम स्पष्ट दिसतो. मिनिटं आधी कापली गेली आणि तोंड नंतर पाडलं गेलं. मी मात्र स्टाफरूममध्ये उलटं सांगत होतो, की पोराला गर्व चढलाय म्हणून बसवलं.

डिसेंबरात त्याचे वडील कॉलेजात आले. पॉवरलूमवर काम करणारा माणूस, पाळीला जाता जाता आलेला. शर्टाच्या खांद्यावर सुताचा बारीक भुरका. खुर्ची दिली तरी बसेनात. म्हणाले, "सर, पोरगं घरात बोलना झालंय. खेळ सोडतो म्हणालाय. मला तुमच्या खेळातलं काय कळत नाही. पण आमच्यात शेठ माल परत केला तर खोट कुठं हाय ते बोट ठेवून दावतो. इथं धागा तुटलाय, इथं डाग पडलाय. तुमी पोराला परत पाठवला. खोट दावला का त्याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते घड्याळ बघून निघून गेले. मी कपाट उघडून वही काढली.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्याला थांबवलं. कोर्टच्या कडेला पायरीवर दोघे बसलो. थंडी होती, तो कानाला मफलर गुंडाळून. मी पान उघडून त्याच्यापुढं धरलं: ९ हुकले, ६ वेळा मागं, ४ बास्केट, ८ पॉइंट. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, चुकलं माझं.

मग मी कोच लोक करतात तेच केलं. मोठ्या खेळाडूचं उदाहरण दिलं. मनू जिनोबिली, २००४ च्या ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्णपदक मिळवून देणारा खेळाडू, आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, वर्षानुवर्षं बेंचवरून उठून खेळला. तिथं बेंचवरून येणाऱ्या उत्तम खेळाडूला वेगळा पुरस्कारच असतो, तो त्याला मिळाला. पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, तो मनू आहे. तो बेंचवर बसला तरी तो कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं." बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून मी बसलेल्या पोराला मोठ्यांची उदाहरणं देत नाही. त्याचं दुखणं त्याचं असतं, त्यावर दुसऱ्याचं पदक लावून उपयोग नाही.

नंतर तो जे बोलला, त्यासाठी मी हा लेख लिहितोय. म्हणाला, "सर, शाळेत मी कधी परत पळालोच नाही. माझा बॉल पडायचाच."

बास्केटबॉल न खेळलेल्यांसाठी सांगतो. बास्केट झाली की समोरच्या संघाला एंडलाइनच्या बाहेर जाऊन बॉल आत टाकावा लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही चालत परत आलात तरी चालतं. शॉट हुकला तर खेळ थांबत नाही, बॉल जिवंत असतो, त्याच क्षणी वळून पळावं लागतं. ज्याचा शॉट सहसा हुकतच नव्हता, त्याच्या पायांना ही सवय लागणार कुठून? पसरलेले हात मला उद्धटपणा वाटले होते. ते नवल होतं. बॉल पडला नाही, हे त्याला खरोखरच समजत नव्हतं. आणि ते समजायच्या आत समोरचा पोरगा त्याच्या बास्केटखाली पोचलेला असायचा.

मग आम्ही काम सुरू केलं. रोज बास्केटच्या दोन पावलांवरून सुरुवात, बॉल उंच सोडायचा, जमला की एक पाऊल मागं. हुकला की बॉलकडे न बघता वळून मधल्या रेषेला पाय लावून यायचं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे कोर्टवर निम्मी पोरं, पण हा यायचा. आमच्या संघातला एक पोरगा तेव्हा नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठीच्या सरावाला जायचा. तो ह्याला सांगत होता, ते माझ्या कानावर पडलं. काठी पेलणारा एकच असतो, पण बाजूनं चालणाऱ्या सगळ्यांची नजर काठीच्या शेंड्यावरच लागते, ती कलली की हात पुढं. पुढच्या मोसमात मी बेंच सरळ स्कोअररच्या टेबलाला लागून घेतला आणि शेवटच्या टोकाला कुणाला बसू दिलं नाही. बसलेल्यांनाही काम असलं पाहिजे, हे तिथून घेतलं.

ह्या पोराला काम दिलं वहीचं. शॉट हुकल्यावर कोण परत पळालं, कोण नाही, एवढंच लिहायचं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दुसऱ्यांचं बघून हा स्वतः सुधारेल. पहिल्याच मॅचच्या मध्यंतरात तो वही घेऊन आला. बोट ठेवलं. कॅप्टनचं पान. ५ हुकलेले, ३ वेळा मागं.

"सर, ह्याचं काय?"

त्या कॅप्टनला मी तीन वर्षं बघत होतो. मला हे दिसलं नव्हतं, कारण त्याचे पाच हुकले तर आठ पडायचे, आणि पडलेल्या बास्केटनं कोचचे डोळे दिपतात. जो गुन्हा ह्याच्या नावावर लिहून मी मिनिटं कापली, तोच कॅप्टन करत होता आणि पूर्ण वेळ खेळत होता. अ‍ॅटिट्यूड, अ‍ॅटिट्यूड म्हणून आपण जे बोलतो, त्यात कितीतरी वेळा हेच असतं. ज्याचा शॉट पडतो त्याचा तो आत्मविश्वास, ज्याचा पडत नाही त्याचा तो माज.

तिसऱ्या क्वार्टरला मी कॅप्टनला चार मिनिटं बाहेर काढलं. शेजारी बसवलं, वही दाखवली, का बसवलं ते तिथंच सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सरावात प्रत्येक हुकलेल्या शॉटला मधल्या रेषेपर्यंत पळत होता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शॉट हुकले म्हणून मी कुणाला बसवत नाही, हुकणं खेळातच आहे. चेहरा पाडला म्हणूनही बसवत नाही. ज्याला खेळायचंय त्याचा चेहरा बाहेर बसल्यावर पडणारच, हसत बसला तर मला जास्त काळजी वाटेल. हुकल्यानंतर परत पळाला नाही, तर बसवतो, मग तो कुणीही असो. आणि का बसवलं ते त्याच संध्याकाळी सांगतो, आकड्यांसकट. आई-वडिलांनी विचारलं तर त्यांनाही तीच वही दाखवतो. काही पालक तरी नाराज होऊन जातात, तो त्यांचा हक्क आहे.

तो पोरगा पुन्हा पहिल्या पाचात कधी आला नाही. तिसऱ्या वर्षी त्याला मॅचला पंधरा-सोळा मिनिटं मिळायची, बारा जणांच्या सारख्या वाट्याइतकी. समोरच्या संघाचा सगळ्यांत धोकादायक गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा, अडवायला त्याच्याकडे द्यायचो. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली नाही. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं, आणि ते दुःख आम्ही कुणी लपवलं नाही.

आता तो पुण्यात नोकरी करतो. यंदा गड्ड्याला आला तेव्हा कॉलेजात डोकावला. कपाटातल्या जुन्या वह्या बघू का म्हणाला. सगळ्यात जुनी काढली आणि ते पान उघडलं, ९ हुकलेले, ६ वेळा मागं. वर मॅचची तारीख होती, २० सप्टेंबर. पानाच्या तळाशी पेन्सिलनं आणखी एक तारीख लिहिलेली होती, बारीक अक्षरात, त्याच्या हातची. मला ती तोवर दिसलीच नव्हती. १२ डिसेंबर. पायरीवर बसून मी ते पान त्याला दाखवलं, तो दिवस.

दोन तारखांच्या मध्ये एक आडवी रेघ होती, आणि रेघेवर लिहिलं होतं: ८३ दिवस.