चौदा नंबरचं मशीन

मृगाचा पाऊस त्या वर्षी अगदी वेळेवर आला. सात जूनच्या संध्याकाळी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पहिली मोठी सर कोसळली, रात्री वारा चढला आणि साडेअकराच्या सुमाराला चौदा नंबरची पवनचक्की बंद पडली. पॅनेलवर कारण आलं, ओव्हर पॉवर. म्हणजे वीज कमी पडली म्हणून नव्हे, जास्त झाली म्हणून मशीन आपणहून थांबलं होतं. रिसेट केलं. वीस मिनिटं चाललं आणि पुन्हा तेच. पहाटेपर्यंत सात वेळा. दर वेळी तिन्ही पात्यांची टोकं काटकोनात वळायची, फरफर आवाज करत रोटर मंदावायचा आणि मी कंट्रोल रूममध्ये कपाळाला हात लावून बसायचो. कारण पंधराच दिवसांपूर्वी त्या मशीनच्या पात्यांचा कोन मीच बदलायला लावला होता.

आमची मशीनं जुन्या धाटणीची होती. साडेसातशे किलोवॉटची, ४८ मीटर व्यासाचा रोटर, मिनिटाला बावीस फेरे, बस्स. आजच्या मशीनचं पातं आपल्या मुळाशी फिरतं आणि नको असलेला वारा सोडून देतं. आमच्याकडे पाती हबला, म्हणजे रोटरच्या मधल्या तुंब्याला, बोल्टांनी घट्ट आवळलेली. मग वादळात जनरेटर जळत का नाही? तर वारा ठरावीक वेगापुढे गेला की पात्याच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटायला लागते, पात्याला फिरवणारी उचल घटते आणि वीज आपोआप एका पातळीवर अडकते. याला स्टॉल म्हणतात. विमानात जे होऊ नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात, तेच आम्ही ब्रेक म्हणून वापरायचो. त्यामुळे स्टॉल किती वाऱ्याला येतो यावर सगळा खेळ. लवकर आला तर वीज बुडाली, उशिरा आला तर मशीन जीव तोडून धावतं आणि ट्रिप होतं.

मे महिन्यात पठारावर वारा जोर धरायला लागला तेव्हा चौदा नंबरचा आलेख विचित्र दिसू लागला होता. सेकंदाला आठ-नऊ मीटर वाऱ्यापर्यंत सगळं ठीक, कागदावरच्या आकड्याला आकडा जुळत होता. पण चौदा-पंधरा मीटरला जिथं सातशेच्या पुढे जायला हवं, तिथं ते साडेपाचशेच्या आसपास घुटमळायचं. शेजारची मशीनंही थोडीफार मार खात होती, पण चौदा सर्वांत वाईट.

पहिला संशय हवेवर. पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, त्यात मे महिन्याचा उन्हाळा. हवा विरळ, म्हणून वीज कमी. पण हवा विरळ असेल तर सगळ्याच वेगांना वीज कमी व्हायला हवी, नुसती वरच्या टोकाला नाही. मग वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बदललं. मशीन वाऱ्याला सरळ तोंड करून उभं आहे का, ते पाहिलं. सगळं बरोबर. राहिला एकच संशयित, पात्यांचा कोन. स्टॉल लवकर येतोय, म्हणजे पाती चुकीच्या कोनात बसलीत. पुढची धार वाऱ्याच्या रोखानं एक अंश वळवली की स्टॉल लांबेल आणि वीज वर जाईल. गणित सोपं होतं. मी ते पुण्याच्या ऑफिसला पाठवलं, तिथून होकार आला, वारा पडलेल्या एका सकाळी दोन पोरं हबमध्ये उतरली, बोल्ट सैल केले, मुळाशी असलेल्या खुणांवरून तिन्ही पाती एकेक अंश सरकवली. दोन दिवसांनी वारा आला आणि चौदा नंबरनं साडेसहाशेचा आकडा दाखवला. मी खूश. शेजारच्या पाच मशीनचंही असंच करायचं ठरलं होतं. वारा पडेना म्हणून राहिलं, हे नशीब.

यात एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, कारण ती सांगायला आजही लाज वाटते. आमच्याकडे तात्या होते. पंचावन्नच्या पुढचे, पहिलं मशीन उभं राहिलं तेव्हापासून साइटवर. कोन बदलायच्या आदल्या दिवशी दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाले, "सायेब, पात्याच्या कडंला बघा की. काजळाची रेघ ओढल्यावानी दिसतंय. किडं बसल्यात." मी पाहिलं. खरंच, पात्याच्या पुढच्या धारेवर, बाहेरच्या अर्ध्या भागात, काळपट तपकिरी रेघ होती. वळवापूर्वीच्या दिवसांत संध्याकाळी घाटातून मोटरसायकल घेऊन वर आलं की हेल्मेटची काच जशी भरते, तशी. पण तिथं गाडी साठच्या वेगानं जाते, इथं पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरनं फिरतं.

मी तात्यांना काय सांगितलं? गोल्फचा चेंडू. म्हणालो, "तात्या, त्या चेंडूवर मुद्दाम खळगे करतात. पृष्ठभाग खडबडीत असला की हवा उलट जास्त वेळ चिकटून राहते. किड्यांनी स्टॉल उशिरा आला असता, लवकर नाही." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात पाठ केलेलं. तात्या "बरं" म्हणाले. त्यांच्या त्या "बरं"चा अर्थ मला नंतर कळला.

सात जूनच्या रात्री पावसानं पाती धुतली. सकाळी दुर्बिणीतून पाहिलं तर रेघ गायब आणि पाती पांढरीशुभ्र. शेजारची मशीनं, ज्यांना कोणी हात लावला नव्हता, आदल्या आठवड्यात सहाशेवर रडत होती ती आता सातशेच्या पुढे छान चालली होती. आणि मी 'दुरुस्त' केलेलं चौदा नंबर जास्तीच्या एका अंशामुळे ओव्हर पॉवर होऊन पडत होतं. वर पावसानं गार झालेली हवा थोडी दाटही झाली, तिनंही आपला हात लावला.

माझं कुठं चुकलं, ते शोधायला त्या आठवड्यात मी जुनी पुस्तकं काढली. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडलेली गोष्ट मुळात साधी आहे. पृष्ठभागाला टेकलेली हवा थांबलेली असते. तिथून वर जावं तसा वेग वाढत जातो आणि थोड्याच अंतरात बाहेरच्या प्रवाहाइतका होतो. हा जो पातळ थर, तो सीमास्तर. घर्षणाचा सगळा संसार या थरात. आमच्या पात्याच्या बाहेरच्या भागात हवा सेकंदाला चाळीस मीटरपेक्षा जास्त वेगानं येते, आणि पुढच्या धारेपासून एक सेंटीमीटरवर हा थर जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाड असतो. चिरडलेला किडाही साधारण तेवढाच उंच. म्हणजे आपल्याला जी क्षुल्लक खडबड दिसते, ती त्या थराच्या दृष्टीनं गावाच्या वेशीत उभा राहिलेला डोंगर.

आता गोल्फचा चेंडू. गुळगुळीत चेंडूवरचा सीमास्तर स्तरीय असतो, म्हणजे पत्त्यांच्या कॅटसारखे थर एकमेकांवरून शांत सरकतात. हा थर दिसायला सभ्य, पण अंगात जोर नाही. चेंडूचा फुगवटा संपून पुढे दाब वाढायला लागला की लगेच हात टेकतो आणि सुटतो. खळग्यांमुळे तोच थर संक्षुब्ध होतो, भोवरे बाहेरची वेगवान हवा आत ओढून आणतात, तळाच्या दमलेल्या हवेला रेटा मिळतो आणि थर चेंडूच्या मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो. मला एवढंच आठवत होतं, आणि ते खरंच आहे.

पण आमच्या पात्यावर तो थर तसाही संक्षुब्ध होणारच होता. पातं लांबरुंद, वेग मोठा. स्वच्छ पात्यावरही थर पुढच्या धारेपासून काही अंतर शांत वाहतो आणि मग आपोआप खवळतो. खवळण्याचा जो फायदा, तो आधीच खिशात होता. किड्यांनी केलं ते इतकंच की खवळणं अगदी पुढच्या धारेवरच सुरू झालं. म्हणजे थराला जाड व्हायला, घर्षणात दमायला, पात्याची जवळजवळ सगळी रुंदी मिळाली. पाठीवर दाब वाढायला लागतो तिथं पोचेपर्यंत तो थकून गेलेला असतो आणि मागच्या कडेकडून लवकर सुटायला लागतो. एकच खडबड, चेंडूवर औषध आणि पात्यावर विष. पाठांतरात ही अट माझ्याकडून गळाली होती.

राहिला एक प्रश्न, तो मला जास्त छळत होता. पाती घाण असतील तर आठ मीटर वाऱ्यालाही मार बसायला हवा होता. तिथं सगळं ठणठणीत कसं? याचं उत्तर मला कोर्टेन आणि वेल्डकँप या दोन डच संशोधकांच्या २००१ सालच्या छोट्याशा लेखात मिळालं. ते कॅलिफोर्नियातल्या पवनचक्क्यांच्या अशाच कोड्यामागे लागले होते. एकाच वाऱ्याला कधी पूर्ण वीज, कधी जवळजवळ निम्मी. त्यांचं म्हणणं असं की किडे वारा मंद असतानाच उडतात. जोराच्या वाऱ्यात ते जमिनीलाच धरून असतात. मंद वाऱ्यात हवा पात्याच्या नाकावर जिथं आदळून दुभंगते, नेमके तिथंच ते चिकटतात. त्या जागी हवा जवळजवळ थांबलेली, त्यामुळे खडबडीचा उपद्रव शून्य. वारा वाढला की हवा पात्यावर वेगळ्या कोनातून येते, दुभंगण्याची जागा खालच्या अंगाला सरकते आणि किड्यांनी भरलेलं नाक आता पाठीकडच्या सुसाट प्रवाहात येतं. मग त्रास सुरू. जोरदार वाऱ्यात नवे किडे बसत नाहीत, जुने जात नाहीत, म्हणून वीज एका खालच्या पातळीवर अडकून राहते, पाऊस येईपर्यंत.

हे वाचलं आणि आमच्या मे महिन्याचा सगळा आलेख डोळ्यांसमोर उलगडला. मंद वाऱ्याच्या दोन संध्याकाळी गेल्या की पुढच्या वाऱ्याला वीज आणखी खाली. चौदा नंबर सर्वांत वाईट का, तेही कळलं. पठारावरचं एकमेव तळं त्याच्या पायथ्याशी होतं.

पुढचे सहा दिवस वारा पडला नाही. ऐन हंगामात, पठारावरचं सगळ्यात चांगलं वारं वाहत असताना चौदा नंबर ब्रेक लावून उभं. पुण्याहून रोज फोन. सातव्या दिवशी सकाळी वारा जरा मऊ झाला, पोरं पुन्हा हबमध्ये उतरली, पाती एक अंश मागे आणली. दुपारी तीनला मशीन सुरू केलं. संध्याकाळी पंधरा मीटरचा वारा आला आणि आकडा सातशे वीसवर जाऊन शांत उभा राहिला.

पुढच्या मे महिन्यात आम्ही चौदा नंबरची पाती एकेक करून खाली लोंबती थांबवली आणि दोराला बांधलेल्या माणसानं साबणाच्या पाण्यानं पुसून काढली. तेरा नंबर मुद्दाम तसंच ठेवलं. पहिल्या मोठ्या वाऱ्याला चौदा सातशेवर, तेरा सहाशेच्या खाली. तात्या खाली उभे राहून बघत होते. मी म्हणालो, "तात्या, तुमचंच खरं होतं." ते म्हणाले, "आवं, आमी काय शिकल्यालं नाय. पर मशीन पावसात न्हालं की पळतंय, एवढं चार वरसं बघतुय की."

त्या सहा दिवसांचा बंद-अहवाल मात्र मला भरावाच लागला. कारणांची छापील यादी होती: ग्रिड, गिअरबॉक्स, जनरेटर, यॉ (म्हणजे मशीन वाऱ्याकडे वळवणारी यंत्रणा), हवामान, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, किडे. दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला, हा शब्द नीट वाचता येत नाहीये, पुन्हा पाठवा.